दारातली ताई आणि फोनमधला तोतया

ठगांवरची इंग्रजीतली सर्वांत गाजलेली कादंबरी लिहिणारा माणूस पुढे नळदुर्गचा कारभार पाहायला आला होता. फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. १८५३ मध्ये निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्ग जिल्हा टेलरकडे आला आणि पुढची काही वर्षं तो इथेच होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवलेल्या ठगीच्या चित्रात तिखटमीठ किती, यावर इतिहासकारांचे वाद अजून चालू आहेत. पण त्या कादंबरीतली एक चाल आजही ओळखीची वाटते. ठग अंगावर धावून येत नाही. तो व्यापारी किंवा शिपाईगडी म्हणून वाटेत भेटतो, विचारपूस करतो आणि मग सांगतो, रस्ता धोक्याचा आहे, चोरांचा सुळसुळाट आहे, चार माणसं सोबत असलेली बरी. चोरांची भीती घालतो तोच आणि सोबतीला येतो तोही तोच.

कोरोनाच्या काळात ही चाल नव्या कपड्यांत फिरली. माणसं आजाराने धास्तावलेली, दवाखान्यात खाट मिळेना, लस मिळेना. अशा वेळी ‘आरोग्य खात्यातून बोलतोय’ एवढं वाक्य कानावर पडलं की निम्मं काम झालेलं असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने फसवे ई-मेल फिरू लागल्यावर संघटनेला फेब्रुवारी २०२० मध्येच जाहीर इशारा द्यावा लागला. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण पुण्यात सापडला तो ९ मार्चला. तोतये विषाणूच्याही आधी कामाला लागले होते.

महाराष्ट्रातलं या फसवणुकीचं सगळ्यांत ठसठशीत प्रकरण घडलं ते मुंबईत, कांदिवली पश्चिमेच्या हिरानंदानी हेरिटेज सोसायटीत. ३० मे २०२१. त्या दिवसांची आठवण आधी ताजी करायला हवी. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती, पण लसच नव्हती. १२ मे रोजी राज्य सरकारने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं होतं. कोविन पोर्टलवर स्लॉट उघडला की मिनिटभरात संपत होता. अशात एक माणूस सोसायटीत आला. आपण कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयाचे प्रतिनिधी आहोत, इथेच शिबिर लावून देतो, असं त्याने सांगितलं. माणशी १,२६० रुपये ठरले आणि ३९० रहिवाशांनी दंड पुढे केले.

खटकण्यासारख्या गोष्टी तेव्हाही समोर होत्या. नोंदणीला लॅपटॉप नव्हता. टोचतानाचा फोटो काढायला मनाई होती. प्रमाणपत्र जागेवर मिळालं नाही. आणि सगळ्यांत गमतीची बाब म्हणजे इतक्या लोकांत कुणाला ताप नाही, कुणाचा हात दुखत नाही. तेव्हा लस घेतलेल्या घरात दुसऱ्या दिवशी पॅरासिटामॉलची पट्टी निघायचीच. रहिवाशांना शंका आली ती यातूनच. पुढे प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची, तारखाही जुळेनात. त्या रुग्णालयांनी कानांवर हात ठेवले. कोकिलाबेन रुग्णालयानेही या शिबिराशी आपला काही संबंध नसल्याचं सांगितलं. तपास पुढे सरकला तशी अशी आणखी शिबिरं उघडकीला आली. जूनच्या अखेरीस राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दिलेला आकडा होता मुंबईतली नऊ शिबिरं आणि २,०५३ माणसं. टोचलं ते बहुधा सलाइनचं पाणी असावं, असा संशय होता. अटक झालेल्यांत एका खासगी रुग्णालयाचं चालक डॉक्टर दांपत्यही होतं.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. तोतया म्हणजे बाहेरून आलेला, वेशांतर केलेला भामटा, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे टोळीत खरी पदवी होती, खरा दवाखाना होता आणि खऱ्या कुप्याही होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बारामतीत रेमडेसिविरच्या रिकाम्या कुप्यांत पातळ पॅरासिटामॉल भरून विकणारी टोळी पुणे ग्रामीण पोलिसांनी पकडली. त्या रिकाम्या कुप्याही दवाखान्यात काम करणाऱ्यामार्फतच बाहेर पडल्या होत्या. ‘ओळखपत्र पाहा’ हा सल्ला चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही, ते यामुळे.

दुसरी गोष्ट चेष्टेची वाटेल, पण आहे खरी. फसलेली वस्ती अडाणी नव्हती. फाटकावर रखवालदार, पाहुण्याची वहीत नोंद, कमिटी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळं जागच्या जागी होतं. घरी पार्सल आलं तर खालून फोन करून विचारणाऱ्या सोसायटीने ३९० दंडांत सुई घुसू दिली, पण त्या रुग्णालयाच्या मुख्य नंबरवर एक फोन लावला नाही. पुढे न्यायालयाने कान टोचल्यावर महापालिकेने सोसायट्यांच्या शिबिरांसाठी नियमावली काढली.

त्याच जूनमध्ये कोलकात्यात याहून धीट प्रकार घडला. स्वतःला आयएएस अधिकारी आणि महापालिकेचा सहआयुक्त म्हणवणाऱ्या एका तरुणाने कसबा भागात मोफत लसीकरण शिबिर भरवलं आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून खासदार-अभिनेत्री मिमी चक्रवर्ती यांनाच बोलावलं. त्यांनी तिथे लस घेतली. मोबाइलवर मेसेज आला नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि सगळं बिंग फुटलं. कुपीवरचं कोविशील्डचं लेबल काढल्यावर खाली निघालं अ‍ॅमिकासिन नावाच्या प्रतिजैविकाचं. इथे पैसे घेतले नव्हते, हे विसरून चालणार नाही. ‘फुकट आहे म्हणजे खरं आहे’ हा हिशोबही चुकू शकतो.

लंडनच्या सर्बिटन भागात तर ३० डिसेंबर २०२० रोजी एक माणूस ९२ वर्षांच्या आजींच्या घरी गेला, आपण सरकारी आरोग्यसेवेतून आल्याचं सांगून त्यांच्या दंडात काहीतरी टोचलं आणि १६० पौंड घेऊन गेला. हे पैसे सरकार परत देईल, असंही सांगून गेला. ब्रिटनमध्ये लस सगळ्यांनाच मोफत होती. चार-पाच दिवसांनी तोच माणूस आणखी १०० पौंड मागायला पुन्हा दारात हजर झाला. हरिद्वारच्या कुंभमेळ्यातला प्रकार उलट्या बाजूचा. तिथे चाचण्यांच्या नोंदी झाल्या, पण चाचण्याच झाल्या नव्हत्या. पंजाबातल्या फरीदकोटच्या एका माणसाला, कुंभाला न जाताच, आपला नमुना घेतल्याचा मेसेज आला आणि त्याने पाठपुरावा केला म्हणून सुमारे एक लाख बनावट चाचण्यांचं प्रकरण बाहेर आलं. कोलकात्यात न आलेल्या मेसेजने चोर पकडून दिला, हरिद्वारात नको असताना आलेल्या मेसेजने.

कांदिवलीसारखं शिबिर नळदुर्गात किंवा शेजारच्या अणदूरला भरवणं जड गेलं असतं. इथली माणसं जास्त हुशार आहेत म्हणून नव्हे. इथे आरोग्य खात्याला चेहरा आहे, म्हणून. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजारभर वस्तीमागे गावातलीच एक बाई ‘आशा’ म्हणून नेमली गेली. ती कुणाची तरी सून असते, कुणाची जाऊ असते, तिचं घर कुठल्या गल्लीत आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अणदूरच्या भागात तर ही सवय त्याही आधीची. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तिथे गावोगावच्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं होतं. ताप आला, पोराला जुलाब लागले तर आधी शेजारच्या गल्लीतली भारतवैद्य, मग दवाखाना, अशी त्या गावांची रीत पडली. अशा ठिकाणी परका माणूस सुई घेऊन आला तर पहिला प्रश्न येतो: ‘आपली ताई कुठाय?’

खरी यंत्रणा मागे खूणही ठेवून जाते. पल्स पोलिओची आठवण काढून पाहावी. डोस पाजलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लागते आणि घराच्या भिंतीवर किंवा चौकटीवर खडूने तारीख, पथकाचा नंबर आणि इंग्रजी ‘पी’ किंवा फुली लिहिली जाते. सगळी बाळं झाली तर ‘पी’, कुणी राहिलं तर फुली, म्हणजे दुसरं पथक पुन्हा येणार. मलेरियाच्या फवारणीनंतर भिंतीवर तारीख पडते. डेंग्यूच्या कंटेनर सर्वेक्षणाला येणारे रांजण, हौद, कुंड्या बघतात, पाण्यात अ‍ॅबेट टाकतात आणि कागदावर नोंद करतात. भामट्याला असली कारकुनी परवडत नाही. तो आला तसा जाऊ इच्छितो, मागे अक्षरही न ठेवता.

मात्र २०२० मध्ये हा चेहरा झाकला गेला. मास्क, टोपी, कधी अंगभर पीपीई किट. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, दिवसाला पन्नास घरांचं उद्दिष्ट, हातात तापमापक आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. शिक्षकही या कामांना जुंपले गेले. म्हणजे दारात येणाऱ्या तिघांतले दोघे तरी अनोळखी असणार आणि तिघांचंही नाक-तोंड झाकलेलं. शहरात याचा फायदा लगेच उठवला गेला. मास्क नसणाऱ्यांकडून २०० रुपये दंड घेणाऱ्या मुंबईच्या क्लीन-अप मार्शलांचा गणवेश घालून वसुली करणारे बनावट मार्शल पोलिसांनी एकाहून अधिक वेळा पकडले. दंडाची पावती मागितली की असा माणूस गडबडतो.

तरीही, दारावरची फसवणूक हा या कहाणीचा लहान भाग. मोठी चोरी झाली ती फोनवरून, आणि तिथे नळदुर्ग आणि कांदिवली सारख्याच अंतरावर होती.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू व्हायच्या आधीच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की कोविनच्या नावाने अ‍ॅप स्टोअरवर दिसणारी अ‍ॅप्स खरी नाहीत, ती उतरवू नका. त्याच महिन्यात ‘ड्रग अथॉरिटी ऑफ इंडिया’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या खात्यातून ज्येष्ठांना फोन येऊ लागले: तुम्हाला लस मंजूर झाली आहे, आधार नंबर सांगा, ओटीपी सांगा. पत्र सूचना कार्यालयाने ते खोटं असल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात लस नोंदणीच्या नावाखाली एसएमएसने एपीके फाइल पाठवणाऱ्यांबद्दल सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने इशारा दिला. ती फाइल फोनमध्ये बसली की आपला मेसेज आपल्याच नावाने संपर्क यादीतल्या लोकांना पाठवत सुटे. १० जानेवारी २०२२ पासून ज्येष्ठांना आणि आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांना तिसरा, म्हणजे ‘प्रिकॉशन’ किंवा बूस्टर डोस सुरू झाला आणि फोनवाल्यांना नवं निमित्त मिळालं. त्याच सुमारास ओमायक्रॉनची मोफत चाचणी करून देण्याच्या लिंका फिरत होत्या, त्याबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाने सावध केलं.

बूस्टरच्या फोनची चाल जरा जवळून पाहण्यासारखी आहे. पलीकडचा आवाज सौम्य असतो. ‘आजी, सरकारी दवाखान्यातून बोलतोय. दोन डोस झाले ना तुमचे?’ आजी हो म्हणतात. ‘दुसरा कधी झाला?’ तारीख आठवत नाही, तर तोच अंदाजे सांगतो आणि आजींना वाटतं, यांच्याकडे नोंद आहे म्हणजे माणूस खात्यातलाच. पैशाचा विषय निघत नाही. भीतीचा निघतो: नवा व्हेरियंट आलाय, तुमचं नाव यादीत घालतो, उद्याच या. मग फोन चालू असतानाच मेसेज येतो आणि ‘त्यातला सहा आकडी नंबर तेवढा वाचून दाखवा, नाव पक्कं करतो’. तो नंबर कधी बँकेचा असतो, कधी व्हॉट्सअ‍ॅपचा. व्हॉट्सअ‍ॅपचा असेल तर पाच मिनिटांत आजींच्या नावाने पुण्यातल्या नातवाला मेसेज जातो, ‘दवाखान्यात आहे, दहा हजार पाठव.’ नातू पाठवतो. दुसऱ्या फोनवर चौकशी करायची त्याला गरज वाटत नाही. घाबरायला झालं की माणूस आधी पैसे पाठवतो, मग विचारतो.

इथे सरकारलाही थोडं बोलायला हवं. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य बँका वर्षानुवर्षं घोकून घेत होत्या. कोविनने ते एका उन्हाळ्यात पुसलं. गावाकडे बहुतेकांची नोंदणी कुणीतरी दुसऱ्याने केली: आशाताईने, पोराने, दवाखान्यातल्या ऑपरेटरने, सेतू केंद्रवाल्याने. एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी चाले, पुढे सहा जणांची झाली. रांगेत उभ्या माणसाला टेबलामागून हाक यायची, ‘ओटीपी आला का? सांगा पटकन.’ ८ मे २०२१ पासून लस घेण्याआधी केंद्रावर चार आकडी गुप्त कोडही सांगावा लागू लागला, कारण लस न घेताच ‘लस घेतली’ असे मेसेज येण्याच्या तक्रारी झाल्या होत्या. हे सगळं योग्य कामासाठीच होतं. पण सरकारी माणसाला नंबर वाचून दाखवायची सवय गावाला लागली ती इथेच. शिवाय कोविडच्या वॉर रूममधून, तालुक्यातून खरोखरच फोन येत होते आणि तेही बऱ्याचदा कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरून. खरा फोन आणि खोटा फोन बाहेरून सारखाच दिसत होता, आणि तो वेगळा दिसावा याची काळजी वरच्यांनी घेतली नाही.

फरक शोधायचा तर तो मेसेजच्या मजकुरातच असतो. ओटीपीचा प्रत्येक मेसेज तो कशासाठी आहे ते सांगतो: लस नोंदणीसाठी, अमुक रक्कम काढण्यासाठी, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करण्यासाठी. आकडा वाचायच्या आधी उरलेली ओळ वाचली तर बराचसा डाव तिथेच उघडा पडतो. अडचण एवढीच की ती ओळ बहुधा इंग्रजीत असते, आणि ज्यांना फोन येतात त्यांतल्या अनेकांना ती वाचता येत नाही.

‘त्याला माझी माहिती होती’ हे तर पुरावा म्हणून आता पूर्ण निकामी झालं आहे. १२ जून २०२३ रोजी टेलिग्रामवरच्या एका बॉटची बातमी आली. मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाचं नाव, ओळखपत्राचा नंबर आणि लस कुठल्या केंद्रावर घेतली तेही दिसत होतं. कोविनचा साठा थेट फोडला गेलेला नाही, असं सरकारने सांगितलं. नंतर दिल्ली पोलिसांनी बिहारमधल्या एकाला पकडलं. माहिती कुठून गळली हा वाद तज्ज्ञांचा. घरबसल्या माणसापुरता त्याचा अर्थ असा की डोसची तारीख सांगणारा आवाज खात्याचाच असेल असं नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती पहिल्यापेक्षा भयंकर आहे. एप्रिल २०२०. पालघर जिल्ह्यात टाळेबंदीतल्या रात्री अफवा फिरत होत्या: चोर आलेत, पोरं पळवणारे आलेत, वेश बदलून फिरताहेत. गावकरी रात्रभर पहारे देत होते. सारणी गावाजवळ वस्त्यांवर मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरांच्या पथकावर जमावाने हल्ला केला. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. त्यानंतर दोनच दिवसांत, १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून ठार झाले. तोतयाच्या भीतीने खऱ्या माणसाचा जीव घेतला. २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून ज्या पाच जणांना मारलं गेलं, ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, म्हणजे नळदुर्गच्या शेजारचे होते.

साथीच्या काळात घरात शिरणाऱ्या सरकारी माणसाचा धसका या राज्याला जुना आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घरं तपासत फिरले. माजघर, देवघर काही सोडलं नाही. चीजवस्तू गेल्याच्या, बायकांचा अपमान झाल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या. २२ जूनला रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. त्या सोजिरांच्या अंगावर गणवेश होता, मागे कायदा होता, काम सरकारचं होतं. नव्हता तो फक्त लोकांचा भरवसा. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला आणि एप्रिलमध्ये त्यात नवी दुरुस्ती झाली: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद. कुणापासून कुणाला वाचवायचं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांत पुरता फिरला होता.

म्हणून सावधगिरीचे उपाय असे हवेत की ज्यांत खरी आशाताई अपमानित होणार नाही. तिची अवस्था तशीही फार सुखाची नव्हती. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या त्या मोबदल्यासाठी. कामावर मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांत त्या तापाच्या घरात शिरत होत्या आणि वर ‘तूच कोरोना घेऊन आलीस’ हेही ऐकत होत्या.

दारात आलेल्याला उंबऱ्याबाहेर उभं करून विचारणं यात अपमान नाही. साथीत अंतर राखणं तसंही नियमातच बसतं. कुठल्या दवाखान्याकडून आलात, आमच्या वॉर्डाची आशा कोण, हे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर खऱ्या पथकाला झोपेतही देता येतं. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर शेजाऱ्याला हाक मारावी. खरं पथक त्याला हरकत घेत नाही, उलट त्याचंही तापमान तपासून घेतं. सर्वेक्षणात ताप, खोकला, ऑक्सिजन, घरात माणसं किती, जुने आजार कोणते, एवढं विचारतात. बँकेचं नाव, एटीएमवरचा नंबर, कपाटाची चावी यांतलं काही कुठल्याही साथीत लागत नाही. सरकारी पथक दारात लस टोचून रोख पैसे घेत नाही आणि दंड असेल तर पावती फाडल्याशिवाय घेत नाही.

फोनवर मात्र सभ्यता बाजूला ठेवलेली बरी. ‘मी दवाखान्यात फोन करून विचारते’ म्हणून तो ठेवून द्यावा आणि आलेल्या नंबरवर उलटा फोन न करता आशाताईला किंवा दवाखान्यात लावावा. उलट फोन केला की तोच सौम्य आवाज पुन्हा येतो आणि या वेळी साहेब म्हणून दुसऱ्याकडे देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल कुणाचीही असो, उघडू नये. व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवला तर ओटीपी सुटला तरी खातं लगेच हातचं जात नाही. ‘एक बटण दाबलं की फोन हॅक होतो’ असे मेसेज मात्र घाबरवण्यापलीकडे काही करत नाहीत. चोरी होते ती बटणाने नव्हे, सांगितलेल्या आकड्याने किंवा बसवलेल्या अ‍ॅपने.

पैसे गेलेच तर पहिले काही तास महत्त्वाचे. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन २०२१ मध्ये १५५२६० या नंबरवर सुरू झाली, पुढे तो बदलून १९३० झाला. तिथे तक्रार गेली की बँका एकमेकींना कळवून पैसा वाटेतच अडवायचा प्रयत्न करतात. तो चार खात्यांतून फिरून रोखीत निघाला की हाती फक्त तक्रारीचा क्रमांक उरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. त्यामुळे लाजेखातर दोन दिवस गप्प बसणं महागात पडतं, आणि गावाकडे माणसं गप्प बसतात ती बहुधा लाजेनेच: पोरगा रागावेल, लोक हसतील.

कायदा आता जरा कडक झाला आहे. जुन्या दंड संहितेत सरकारी नोकर असल्याची बतावणी करणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ मध्ये किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं आहेत. फोन किंवा संगणक वापरून तोतयेगिरी केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड आहेच. प्रश्न माणूस सापडण्याचा.

साथ ओसरली तरी हा धंदा बसलेला नाही, त्याने फक्त निमित्त बदललं. काही राज्यांत भामट्यांनी आधी अंगणवाडीताईला फोन केला, ‘वरच्या ऑफिसातून बोलतोय, गरोदर आणि बाळंतिणींचे नंबर द्या’ म्हणून. मग त्या बायकांना मातृत्वाच्या अनुदानाची थाप मारून खाती रिकामी केली. इथे फसवण्याआधी ताईचाच आवाज उसना घेतला गेला. गावाचा जिच्यावर भरवसा आहे तिलाच पुढे घालायचं, हे त्यातलं कसब. म्हणून आशा आणि अंगणवाडीसेविकांच्या प्रशिक्षणात औषधांच्या किटबरोबर या फोनांचाही एक तास हवा: वरच्या ऑफिसातला म्हणवणाऱ्याला यादी द्यायची नाही, तालुक्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

उरतं ते दवंडीचं काम. नगर परिषदांच्या घंटागाड्यांवर भोंगा असतोच, ग्रामपंचायतीपुढे फळाही असतो. उद्या कुठल्या वॉर्डात पथक येणार, त्यात कोणती ताई आणि कोणत्या सिस्टर असतील, ते पैसे किंवा ओटीपी मागणार नाहीत आणि शंका आली तर दवाखान्याच्या कोणत्या नंबरवर विचारायचं, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. नळदुर्गसारख्या गावात मराठीबरोबर कानडी आणि दखनी उर्दूतही सांगावं लागेल, म्हणजे दीड मिनिट. त्याला वेगळा निधी लागत नाही. लागते ती आदल्या संध्याकाळी ठरलेली आणि सकाळी न बदललेली यादी, आणि साथीच्या धांदलीत दवाखान्याला नेमकं तेच जमवणं सगळ्यांत कठीण जातं.